एचआयव्हीच्या अंगावर आपल्याच पेशींचे प्रोटीन : खरंच असतात की ट्यूबमधला कचरा?

सूक्ष्म_नागपूर

नमस्कार सगळ्यांना. मी नागपुरात एमएससी मायक्रोबायोलॉजी सेकंड इयरला आहे. परवा माझा सेमिनार झाला, विषय होता एचआयव्हीचं बाहेरचं आवरण. मी सांगितलं की त्या आवरणावर व्हायरसचं स्वतःचं असं एकच असतं, जीपी१२० आणि जीपी४१ मिळून जो काटा बनतो तो, आणि बाकी सगळं तो ज्या पेशीतून निघाला तिचं असतं, एचएलए-डीआर, आयकॅम-१, सीडी५५, सीडी५९ वगैरे नावाचे प्रोटीन. पुढे असंही सांगितलं की टी सेलमधून निघालेल्या व्हायरसवर वेगळे प्रोटीन सापडतात आणि मॅक्रोफेजमधून निघालेल्यावर वेगळे (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार).

तर मॅडमनी विचारलं, हे व्हायरसवरच आहेत हे कशावरून? लागण झालेल्या पेशी मरत असतात, फुटत असतात, त्यांच्या मेम्ब्रेनचे, म्हणजे बाहेरच्या पडद्याचे, तुकडे त्याच पाण्यात तरंगत असतात, तेच तुझ्या ट्यूबमध्ये आले नसतील कशावरून? मला काहीच सांगता आलं नाही. मी पुढची स्लाइड लावली पण तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे, काल सीताबर्डीला पुस्तकं घ्यायला गेले तर तिथे पण तेच. पुस्तकात एक ओळ असते की "व्हायरस होस्टचे प्रोटीन घेऊन बाहेर पडतो" आणि संपलं. तो घेतो म्हणजे निवडून घेतो का, की जे हाती लागेल ते येतं? आणि पेशीप्रमाणे फरक का पडतो? गुरुवारी मला परत बोलायला १० मिनिटं दिली आहेत, कोणी नीट समजावून सांगितलं तर खूप मदत होईल.

जुना_लॅबवाला

बेटा, उत्तर नाही आलं म्हणून मनाला लावून नको घेऊ. तुझ्या मॅडमनी ह्या विषयातला सगळ्यात खरा प्रश्न विचारला, त्याच्यावर नावाजलेल्या लॅबही अडकून बसल्या होत्या. मी ३१ वर्षं मायक्रो शिकवलं, आता रिटायर आहे. आधी व्हायरस बाहेर कसा निघते तेवढं सांगतो, ट्यूबचं कोणी आजकाल काम करणारं असेल तर ते सांगेल.

एचआयव्हीचा सांगाडा बनतो गॅग नावाच्या प्रोटीनपासून. हे पेशीच्या आत बनते आणि मेम्ब्रेनच्या आतल्या अंगाला जाऊन चिकटते, त्याच्या टोकाला एक चरबीची शेपटी असते ती मेम्ब्रेनमध्ये रुतते. असे दोन-अडीच हजार गॅग एकमेकाला लागून बसले की तिथली मेम्ब्रेन बाहेरच्या बाजूला फुगते, पुरी तेलात फुगते तशी. पण फुगा आपोआप तुटत नाही. गॅगच्या शेवटच्या भागात पी६ म्हणून तुकडा आहे तो पेशीच्या टीएसजी१०१ ला पकडते, आणि तिच्यामागून पेशीची जी मेम्ब्रेन कापायची यंत्रणा असते नं, एस्कॉर्ट म्हणतात तिले, ती येऊन मान आवळून तोडून देते. हे २००१ मध्ये नीट समजलं. म्हणजे बाहेर पडायला लागणारी कात्री सुद्धा पेशीचीच.

आता विचार कर, ती मेम्ब्रेन व्हायरसने बनवली का? नाही. ती पेशीची आहे, तिच्यात पेशीचे प्रोटीन आधीच रोवलेले आहेत, तो तुकडा तोडून निघाला तर ते सोबत येणारच. कळमन्याच्या मिरची यार्डातून माणूस निघाला की त्याच्या कपड्यावर मिरचीची पूड असते आणि जिनिंगमधून निघाला की रुई. घरचे दारातच ओळखतात की आज कुठे होता. टी सेल आणि मॅक्रोफेजचा फरक मी पोरांना असाच सांगत होतो.

आणि हे फक्त बाहेरचंच नाही. आतमध्ये सुद्धा पेशीचा माल असते. सायक्लोफिलिन ए हे पेशीचं प्रोटीन, साधारण दहा गॅगमागे एक ह्या हिशोबाने प्रत्येक कणात जाते, १९९४ मध्ये ते दाखवलं गेलं. आरएनएचा डीएनए करायला जी सुरुवात लागते ती पण पेशीच्या टीआरएनएपासून होते, लायसिनवाल्या. हे स्लाइडवर टाक, लोक फक्त आवरणाचं बोलतात.

पुण्यातली_वैदर्भी

मी मूळची नागपूरचीच, सक्करदऱ्याची. पुण्यात व्हायरॉलॉजीत पीएचडी करून राहिले. काकांनी बाहेर पडण्याचं छान सांगितलं, पण मिरचीच्या उदाहरणात एक गोष्ट सुटते म्हणून लिहिते. पूड अंगावर कुठेही बसते, कोणी निवडत नाही. व्हायरसच्या बाबतीत तसं अगदी नाही, आणि सूक्ष्म, तुझ्या मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं ह्याच फरकात आहे.

सीडी४५ घे. पांढऱ्या पेशींवर हे इतकं भरलेलं असतं की लिम्फोसाइटच्या पृष्ठभागावरच्या प्रोटीनपैकी दहा टक्क्यांच्या आसपास एकट्या सीडी४५ चं पकडतात. जर सगळंच आपोआप चिकटून येत असतं तर व्हायरसवर सगळ्यात जास्त तेच दिसायला हवं होतं. पण ते जवळजवळ नसतंच. उलट एचएलए-डीआर भरपूर येतं, आयकॅम-१ येतं. कारण गॅग जिथे जमतो तो मेम्ब्रेनचा भाग बाकीच्या मेम्ब्रेनसारखा नसतो, तिथे कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोमायलिन नावाची चरबी जास्त असते, ज्या प्रोटीनला तो भाग मानवतो ते तिथे असतात आणि सीडी४५ सारखं मोठं प्रोटीन बाहेर राहतं. आयकॅम-१ चं तर असं आहे की त्याची आतली शेपटी आणि गॅग ह्यांचं एकमेकाशी जमतं, म्हणून ते ओढलं जातं. म्हणजे काही आपोआप येतात, काही ओढून आणले जातात, काही बाहेर ठेवले जातात, तिन्ही एकाच वेळी.

आता ट्यूबचं. तू व्हायरस कसा शुद्ध करशील? सेंट्रीफ्यूज, मग सुक्रोज ग्रेडियंट, म्हणजे साखरेच्या पाण्याचे कमी-जास्त दाट थर, आणि १.१६ ते १.१८ ग्रॅम प्रति मिलिलिटर घनतेला जो पट्टा येतो तो काढशील. अडचण ही की पेशी ज्या बारीक मेम्ब्रेनच्या पिशव्या सोडत असतात, मायक्रोव्हेसिकल, एक्सोसोम, त्या पण साधारण त्याच घनतेला येऊन बसतात आणि आकारानेही जवळपास तेवढ्याच. १९९७ मध्ये एकाच जर्नलमध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की "शुद्ध" म्हणून वापरल्या जाणाऱ्या एचआयव्हीत ह्या पिशव्या मोठ्या प्रमाणात मिसळलेल्या असतात. तुझ्या मॅडमचा प्रश्न तोच होता.

ह्यातून वाट काढली ती सीडी४५ च्याच मदतीने. पिशव्यांवर सीडी४५ असतं, व्हायरसवर नसतं. मग सीडी४५ ची अँटिबॉडी लावलेले चुंबकीय मणी टाकायचे, पिशव्या त्यांना चिकटतात, चुंबक लावून बाजूला करायच्या, आणि जे उरलं त्यात एचएलए-डीआर आहे का ते बघायचं. असतं. आतल्या प्रोटीनसाठी दुसरी युक्ती, सबटिलिसिन नावाचं प्रोटीन कापणारं एन्झाइम टाकायचं, ते व्हायरसच्या बाहेरचं सगळं खाऊन टाकतं आणि पिशव्यांचाही बराच कचरा कमी करतं, पण मेम्ब्रेनच्या आत जे आहे ते सुरक्षित राहतं, मग फोडून बघायचं. आणि डोळ्यांनी बघायचं असेल तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, एचएलए-डीआरच्या अँटिबॉडीला सोन्याचे कण जोडायचे, ते काळे ठिपके थेट व्हायरसच्या कणावर बसलेले दिसतात.

मला स्वतःला सगळ्यात पटणारा पुरावा मात्र वेगळाच आहे. एकाच पेशीच्या दोन जाती घ्यायच्या, एकीत आयकॅम-१ आहे आणि एकीत नाही, दोन्हीतून व्हायरस काढायचा. आयकॅम-१ वाला व्हायरस टी सेलला जास्त जोरात लागण करतो, कारण समोरच्या पेशीवरचं एलएफए-१ आयकॅम-१ ला धरतं, आणि एलएफए-१ ची अँटिबॉडी टाकून ती पकड सोडवली की ही वाढ उतरते. बाजूला तरंगणाऱ्या कचऱ्याने हे होणार नाही, प्रोटीन त्याच कणावर असेल तरच होईल. गुरुवारी हे सांग.

बारावी_सायन्स

मला आवडलं हे. म्हणजे व्हायरस आपलेच कपडे घालून फिरतो म्हणून आपलं शरीर त्याला ओळखत नाही, बरोबर नं? खूप हुशार आहे मग तो.

पुण्यातली_वैदर्भी

भाऊ, अर्धं बरोबर. सीडी५५ आणि सीडी५९ आपल्या पेशींना कॉम्प्लिमेंटच्या, म्हणजे रक्तातल्या जंतू मारणाऱ्या प्रोटीनच्या, हल्ल्यापासून वाचवतात, ते व्हायरसवर आले की त्याला पण वाचवतात, तिथे तुझं म्हणणं लागू होतं. पण "हुशारी" म्हटलं की पुढचं दिसत नाही. पेशीचे सगळेच प्रोटीन व्हायरसच्या फायद्याचे नसतात, काही तर त्याला मारणारे असतात. सेरिंक५ म्हणून एक आहे, ते आवरणात शिरलं की व्हायरसला पुढच्या पेशीत घुसता येत नाही, २०१५ मध्ये दोन गटांनी ते दाखवलं, आणि एचआयव्हीचं नेफ हे प्रोटीन त्याला पेशीच्या पृष्ठभागावरून काढून घेतं म्हणून तो वाचतो. टेथरिन तर निघालेल्या व्हायरसला पेशीलाच बांधून ठेवतं, त्याच्यासाठी एचआयव्हीचं व्हीपीयू लागतं. अपोबेक३जी आतमध्ये शिरतं आणि पुढच्या पेशीत डीएनए बनताना त्यात इतक्या चुका करतं की तो निकामी होतो, त्याला एचआयव्हीचं व्हीआयएफ नष्ट करतं. स्वतः सीडी४ सुद्धा, ज्याला धरून एचआयव्ही आत येतो, तेच निघताना पृष्ठभागावर राहिलं तर काट्यांना आतूनच चिकटून बसेल, म्हणून नेफ आणि व्हीपीयू ते पण हटवतात.

फक्त नऊ जीन असलेला व्हायरस, आणि त्यातले तीन बऱ्याच अंशी पेशीचं नको ते सामान बाहेर ठेवण्यात खर्ची पडतात. मला तरी ह्यात हुशारी दिसत नाही, खूप जुनं भांडण दिसतं.

समुपदेशक_ताई

मी नागपूर जिल्ह्यात एचआयव्ही समुपदेशनाचं काम करते, सायन्सची नाही मी पण हा धागा पूर्ण वाचला. माझ्याकडे येणाऱ्या बायका बरेचदा विचारतात की नवऱ्याला आहे आणि मला नाही असं कसं काय झालं, किंवा पहिल्या बाळाला नाही झालं आणि दुसऱ्याला काहून झालं. तुम्ही जे एचएलए म्हणता तेच अवयव जुळवताना बघतात नं? म्हणजे नवऱ्याच्या व्हायरसवर नवऱ्याचं एचएलए असतं आणि ते बायकोच्या शरीराला परकं वाटत असेल, तर मग त्याचा काही उपयोग होत नाही का? दुसरं, पेशंटच्या रक्तातला व्हायरस कोणत्या पेशीतून आला हे कळू शकतं का?

पुण्यातली_वैदर्भी

ताई, तुम्ही सायन्सची नाही म्हणता आणि जो प्रश्न विचारलात त्यावर एक मोठी गोष्ट घडून गेली आहे.

१९९१ मध्ये इंग्लंडमध्ये माकडांवर लसीचा प्रयोग चालू होता, एसआयव्हीची, म्हणजे माकडांमधल्या एचआयव्हीच्या भाऊबंदाची लस. एका गटाला लागण झालेल्या मानवी टी सेल निष्क्रिय करून टोचल्या, आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला नुसत्या निरोगी मानवी टी सेल, व्हायरस काहीच नाही. मग दोघांनाही जिवंत एसआयव्ही दिला. तर तुलनेच्या गटातली काही माकडं सुद्धा वाचली, ज्यांना व्हायरसचा एक कणही दाखवला नव्हता. कारण शोधलं तर कळलं की जो एसआयव्ही दिला तो मानवी पेशीत वाढवलेला होता, त्याच्या अंगावर माणसाचं एचएलए होतं, आणि माकडांनी माणसाच्या प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या होत्या. व्हायरस माकडाच्याच पेशीत वाढवून दिला तर ते संरक्षण गेलं. त्या काळात लस सापडली म्हणून जे आनंदात होते त्यांना परत सुरुवातीपासून विचार करावा लागला. पण १९९२ मध्ये ह्याच्यातून पुढे मोजमाप झालं आणि दिसलं की व्हायरसच्या कणावर एचएलए-डीआर हे त्याच्या स्वतःच्या काट्यांपेक्षा जास्त असतं.

नवरा-बायकोचं तुम्ही म्हणता ते म्हणूनच तर्काला धरून आहे. नैरोबीत आई आणि बाळांवर काम झालं, १९९८ मध्ये आलं, ज्या बाळांचं एचएलए आईशी जास्त जुळत होतं त्यांना लागण जास्त झाली. पण तुमच्याकडच्या बायकांना हे कारण म्हणून सांगू नका प्लीज, एका घरात काय झालं त्यामागे व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, किती होता, गोळ्या चालू होत्या का, ह्याचा वाटा खूप मोठा असतो. गोळ्या नियमित असल्या आणि लोड दबलेला असला की एचएलए जुळो न जुळो, बाळ वाचण्याची शक्यता फार चांगली असते.

दुसरा प्रश्न, कोणत्या पेशीतून आला. हो, शोधता येतं, आणि तिथे हेच अंगावरचे प्रोटीन कामी येतात. एका नळीत सीडी२६ ची अँटिबॉडी लावायची, ते लिम्फोसाइटवर असतं, दुसरीत सीडी३६ ची, ते मॅक्रोफेजवर असतं पण टी सेलवर नसतं. प्लाझ्मा टाकायचा आणि कोणत्या नळीत किती व्हायरस अडकला ते आरएनए मोजून बघायचं. उपचार न घेतलेल्या माणसाच्या रक्तात बहुतेक व्हायरस चेतवलेल्या टी सेलचा असतो. एचएलए-डीआर पण बोलकं आहे, माणसाची शांत बसलेली टी सेल ते फारसं दाखवत नाही, चेतवली गेली की दाखवते, त्यामुळे व्हायरसवर ते असेल तर तो चेतवलेल्या पेशीतून किंवा मॅक्रोफेजसारख्या पेशीतून निघालेला असणार. आपल्याकडे एचआयव्हीसोबत टीबी किती दिसतो ते तुम्हाला माहीत आहे. टीबीमुळे छातीत पाणी झालेल्या एचआयव्ही पेशंटचं ते पाणी तपासलं तेव्हा तिथल्या व्हायरसवर एचएलए-डीआर आणि मॅक्रोफेजचं सीडी१४ सापडलं, म्हणजे तो तिथेच, टीबीच्या जागेवर, वाढत होता. हे रोजच्या तपासणीत होत नाही, संशोधनातलं काम आहे.

सूक्ष्म_नागपूर

ताई, काका, खरंच खूप खूप धन्यवाद. आता एक विचारते. मॅक्रोफेजमधून निघालेला व्हायरस वेगळा का दिसतो ह्याचं कारण फक्त एवढंच का की त्या पेशीवर प्रोटीन वेगळे असतात, की निघण्याची जागा पण वेगळी असते? मी एका ठिकाणी वाचलं की मॅक्रोफेजमध्ये व्हायरस आतल्या आत साठतो.

पुण्यातली_वैदर्भी

दोन्ही. टी सेलमधून तो बाहेरच्या मेम्ब्रेनवरून सरळ बाहेर पडतो. मॅक्रोफेजमध्ये तो आतल्या पोकळ्यांमध्ये फुगतो आणि तिथे साठून राहतो, फोटोत त्या पोकळ्या व्हायरसने गच्च भरलेल्या दिसतात. आधी सगळ्यांना वाटलं की ही एंडोसोम, म्हणजे पेशीच्या आतली पिशवी, आहे, कारण त्यात सीडी६३ वगैरे एंडोसोमचे प्रोटीन सापडत होते. २००७ च्या सुमारास कळलं की ती बाहेरच्या मेम्ब्रेनचीच आत गेलेली खोल घडी आहे, बऱ्याचदा बारीक नळीने बाहेर जोडलेली, आणि तिथे सीडी९, सीडी५३, सीडी८१ हे टेट्रास्पॅनिन गटातले प्रोटीन दाटीने असतात. त्या घडीत जे आहे ते व्हायरसवर येतं. फक्त एक काळजी घे, टेट्रास्पॅनिन दिसले म्हणजे मॅक्रोफेजच असं म्हणू नको, टी सेलच्या व्हायरसवर पण ते सापडतात. सीडी३६, सीडी१४ ह्यांच्यावर जास्त भरवसा ठेव.

अजून एक, फरक पुढे काय करतो ते पण सांग, नाहीतर यादी वाटते. २०१७ मध्ये दाखवलं की आतड्याकडे जाणाऱ्या टी सेलवर जे अल्फा४बीटा७ इंटिग्रिन नावाचं चिकटायचं प्रोटीन असतं ते व्हायरसवर पण येतं, आणि आतड्याच्या रक्तवाहिन्यांवरचं मॅडकॅम-१ त्याला धरतं. एचआयव्ही सुरुवातीलाच आतड्यातल्या टी सेल उद्ध्वस्त करतो हे आधीपासून माहीत होतं. पेशीला जिकडे नेणारं प्रोटीन तेच व्हायरसला तिकडे नेऊ शकतं.

बारावी_सायन्स

मग कोरोनावर पण आपल्या पांढऱ्या पेशींचे प्रोटीन असतात का?

जुना_लॅबवाला

कोरोनाचं आवरण पेशीच्या बाहेरच्या मेम्ब्रेनपासून नाही बनत बेटा. तो आतमध्येच, ईआर आणि गोल्जी ह्या पेशीच्या आतल्या मेम्ब्रेनच्या दोन भागांच्या मधल्या जागेत आवरण घेते आणि मग पिशवीत बसून बाहेर निघते. त्यामुळे पेशीच्या वरच्या अंगाचे प्रोटीन त्याच्यावर एचआयव्हीसारखे शोधत बसू नको. फ्लूचा व्हायरस मात्र बाहेरच्या मेम्ब्रेनवरून निघते, त्याच्यात पेशीचे प्रोटीन सापडले आहेत. मला सगळ्यात नवल हेपटायटिस ए चं वाटते. आम्ही आयुष्यभर शिकवलं की त्याला आवरणच नाही, पोरांना त्याचे मार्क पण दिले. २०१३ मध्ये समजलं की रक्तात फिरताना तो यकृताच्या पेशीची मेम्ब्रेन पांघरून असते आणि शौचातून येणारा मात्र उघडा असते, पित्तामध्ये ती मेम्ब्रेन निघून जाते. मी हे वाचलं तेव्हा माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून सांगितलं की मी तुम्हाला अर्धवट शिकवलं होतं.

आणि सूक्ष्म, तुझ्या स्लाइडवर एचआयव्हीचं चित्र कोणतं आहे? जुन्या पुस्तकात त्याच्यावर ७२ काटे काढलेले असतात, गच्च, मधे जागाच नाही. ते बदल. आता मोजतात तेव्हा एका कणावर सरासरी १४ च्या आसपास काटे निघतात, काहींवर तर त्याहून कमी. ७२ काढले तर पेशीचे प्रोटीन बसायला जागा कुठे आहे असं मॅडम परत विचारतील.

सूक्ष्म_नागपूर

काका, ७२ वालंच आहे. आत्ता उघडून मोजलं. हाताने नवीन काढते आहे, १४ काटे, मधे एचएलए-डीआर, आयकॅम-१, सीडी५५, सीडी५९, आणि सीडी४५ बाहेर पेशीवरच ठेवलं. मॅक्रोफेजवाल्याचं वेगळं चित्र करते. गुरुवारी झालं की इथे येऊन लिहीन मॅडम काय म्हणाल्या ते.